अक्षय तृतीयेचं दूध

"पितृपक्षात सॉफ्टवेअर पाठवायचं न्हाय म्हणजे न्हाय!" गुरुप्रसादसाहेबांनी टेबलावर हात आपटला, आणि श्रावस्तीचा अर्धा चहा बशीत आला.

साहेबांचा धाराशिवला दुधाची फॅट तपासणारी यंत्रं बनवायचा कारखाना होता. कारखाना कसला, दोन खोल्या. पाटीवर मात्र 'इंडस्ट्रीज'! फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर, तयार झालं की त्याचं पॅकेज बांधून, वर तारीख टाकून ते गावोगावच्या दूध केंद्रांना पाठवायचं, आणि हे पॅकेज बांधणारं टूल तीन वर्षं श्रावस्ती एकटी सांभाळत होती. साहेबांच्या लेखी ती "पुडकी बांधणारी". साहेबांना स्वतःला ईमेलला साधी फाइल जोडता येत नसे, पण बोलायला काय जातंय!

"साहेब, जळकोट दूध संघाच्या ज्ञानोबा अध्यक्षांना उद्याचा शब्द दिलाय. ते बिथरले तर चाळीस गावची यंत्रं परत येतील." आणि यंत्रं परत आली, की आधी घरी कुणाला बसवतील हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"मग पाठव. पण तारीख चांगली टाक. अक्षय तृतीयेची!"

"ती सात महिन्यांनी आहे!"

"असू दे की. अक्षय म्हणजे कधी न संपणारं. यंत्राला काय कळतंय पंचांगातलं?"

श्रावस्तीनं कपाळावर हात मारायचा तेवढा बाकी ठेवला. "साहेब, यंत्र चालू झालं की आधी बूटलोडर नावाचा आतला पहारेकरी जागा होतो. आत आहे त्यापेक्षा जुन्या तारखेचं पॅकेज तो दारातूनच परतवून लावतो. आणि घड्याळाला सेल तुम्हीच बसवू दिला नाही. वीज गेली की यंत्र पॅकेजवरचीच तारीख धरतं."

"लई शिकवू नकोस मला."

"बरं. मग इथं नाव टाका. तारीख हातानं बदलली की कुणी बदलली, तेही पॅकेजात जातं."

"माझं नाव? चाळीस गावांत?" साहेबांची छाती फुगली. "पूर्ण टाक. आधी 'श्री' लाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच ज्ञानोबांचा फोन आला. "ताई, रातच्याला लाइट गेलती. म्या आत्ता दूध घातलं, आन् पावतीवर पुढच्या मे महिन्याची तारीख! म्हैस तवर भाकड जाईल की वो!"

श्रावस्तीनं घाईघाईनं आजच्या तारखेचं पॅकेज बांधून पाठवलं. चाळीसच्या चाळीस यंत्रांनी ते जुनं ठरवून नाकारलं. आणखी पुढची तारीख टाकावी, तर पावतीही पुढं पळणार. शेवटी साहेबांच्या गाडीतून दोघं जळकोटला पोचली. केंद्रावर कॅन घेऊन ताटकळलेली माणसं बघताच साहेबांनी रंग बदलला.

"अध्यक्ष, माझा काही दोष न्हाय. हिचं काम आहे हे. धड पुडकं बांधता येत न्हाय हिला! आजच काढून टाकतो."

श्रावस्तीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन वर्षं राबून हे ऐकायचं? पण ती एवढंच म्हणाली, "काका, यंत्रावरचं 'माहिती'चं बटण दाबा."

ज्ञानोबांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, "तारीख बदलणारे... श्री. गुरुप्रसाद." मग मान वर करून विचारलं, "ह्ये श्री तुमीच न्हवं का?"

कॅनवाले खो खो हसले. साहेब रुमालानं कोरडंच कपाळ पुसायला लागले.

"आता उपाय काय, ताई?"

"प्रत्येक गावी जायचं, झाकण उघडायचं, तार जोडून आतलं पुसायचं आणि नव्यानं भरायचं."

"मंग यंत्रं परत न्हाई करत. पर ताईंनी नुसतं दावायचं. झाकणं ज्याचं नाव हाय त्यानं उघडायची. आन् ताईला काढलं, तर त्याच दिवशी चाळीस यंत्रं तुमच्या दारात टाकतो."

साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. "करू की, अध्यक्ष. पण पितृपक्ष आहे हो. आठ दिवसांनी चांगला दिवस बघून..."

श्रावस्तीनं तार आणि स्क्रूड्रायव्हर त्यांच्या हातात ठेवला.

"घ्या सुरुवात करून, साहेब. यंत्रात आज अक्षय तृतीयाच आहे."