नाखवाकाका आणि बापांची रजा

तळोज्यातल्या आमच्या कंपनीत नाखवाकाका नावाचे गृहस्थ माणसांना कामावर येऊ देत नसत. खरं तर त्यांची नेमणूक नेमकी उलट कामासाठी झाली होती. ते हजेरीचे क्लार्क. कोण किती वाजता आलं, कोण आलंच नाही, कोणाची किती रजा उरली, हे बघायचं काम त्यांचं. पण नुकताच बाप झालेला माणूस दोन दिवसांत कामावर हजर झाला, की काका खुर्चीतून उठायचे आणि हजेरीच्या मशीनला पाठ लावून उभे राहायचे.

"पोर झालंय ना तुला?"

"हो काका, मुलगी."

"मंग हितं कशाला आलास?"

"ड्यूटी आहे ना."

"ड्यूटी घरी हाय तुझी. हितं पंप हायत, ते आमी बघतो."

कंपनीच्या नियमांत बाप झालेल्या कामगाराला सात दिवसांची पगारी रजा होती. ती कागदावर होती हे बहुतेकांना ठाऊकच नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक होतं ते मागायला लाजत. कोणी मागितलीच तर सुपरवायझर विचारायचा, "बाळंतीण कोण, तू की तुझी बायको?" सगळे हसायचे. मागणाराही हसायचा आणि अर्ज घडी करून खिशात टाकायचा.

काकांनी यावर परीक्षा काढली होती. मशीनपाशी अडवलेल्या बापाला ते तीन प्रश्न विचारायचे. बाळ रात्री किती वेळा उठलं? दुपटं कोणी धुतलं? पोट दुखतं तेव्हा बाळ पाय कसे करतं? नापास झालेल्याच्या हातात ते रजेचा कोरा अर्ज द्यायचे. पास झालेला मी तरी कधी पाहिला नाही.

एकदा देशमुख नावाचा नवा इंजिनिअर या परीक्षेला बसला. "बाळ शांत आहे, अजिबात रडत नाही," असं तो मोठ्या अभिमानाने म्हणाला. काका म्हणाले, "तू झोपलेला असशील. त्याच्या आयशीला फोन लाव, आपन विचारू." देशमुख परत फिरला, आणि टँकर आत येतात त्या मागच्या गेटने शिरला. काकांना ते अर्ध्या तासात कळलं. जेवणाच्या सुट्टीत ते कँटीनमध्ये देशमुखच्या शेजारी येऊन बसले आणि त्याच्या ताटाला टेकवून अर्ज ठेवला. देशमुखने आमटीचा हात पुसून सही केली.

प्रकरण मॅनेजरसाहेबांपर्यंत गेलं. मी तेव्हा लॅबचे रिपोर्ट घेऊन त्यांच्या केबिनमध्येच उभी होते.

"नाखवा, तुम्हाला माणसं आणायला ठेवलंय की घालवायला?"

"सायेब, नियम तुमचाच हाय. मी फक्त वाचून दाखवतो."

साहेबांनी चष्मा काढला, पुन्हा लावला आणि देशमुखला रजा मंजूर केली. तीन दिवसांची. काकांनी तो कागद उचलला, बाहेर आल्यावर मला दाखवला आणि म्हणाले, "चार दिवस सायबांनी खाल्ले. बघू, पुढच्या पोराला पुरी घेऊ."

मी स्वतः बाळंतपणाची सहा महिन्यांची रजा संपवून परत आले, तेव्हा काकांशी माझी खरी ओळख झाली. माझ्या नवऱ्याला त्याच्या कंपनीने दोन दिवस दिले होते. तेही हॉस्पिटलात आणि औषधांच्या दुकानात गेले. आम्ही राहतो रोडपालीला. सकाळी साडेसातला अद्वैतला बिल्डिंगखालच्या पाळणाघरात सोडायचं आणि मागे न बघता कंपनीच्या बसकडे चालत सुटायचं. मागे बघितलं की बस जायची.

काका रोज मशीनपाशी थांबवून विचारायचे, "बाय, आज काय नवीन केलं पोरानं?" मी सांगायचे. कुशीवर वळला. 'ब' म्हणाला. चमचा फेकला. दात आला. एवढ्याशा गोष्टी, पण काका गावाकडच्या बातमीसारख्या ऐकायचे. "खालचा दात का वरचा? उजवा का डावा?" मागे रांग खोळंबायची. मला आधी गंमत वाटायची, मग जरा राग यायचा, आणि नंतर सवय झाली. खरं सांगायचं तर ऑफिसात हे विचारणारं दुसरं कोणीच नव्हतं. इतर सगळे मला दमलीस का, एवढंच विचारायचे.

एके दिवशी संध्याकाळी पाळणाघरातल्या मावशी सहज म्हणाल्या, "आज उभा राहिला हो, कपाटाला धरून. चांगला मिनिटभर." मी हसून "अरे वा" म्हटलं. दुसऱ्या दिवशी काकांनी विचारलं तेव्हा मात्र मला हसता आलं नाही. "उभा राहिला," म्हटलं, "पण मला मावशींनी सांगितलं."

काकांनी मला त्यांच्या टेबलाशेजारच्या बाकावर बसवलं आणि स्वतःचा चहा माझ्यापुढे सरकवला.

"माज्या पोरीचं सगलं मी असंच आयकलेलं हाय," ते म्हणाले.

काका मूळ समुद्रकाठच्या करंज्याचे. नोकरी लागली त्याच महिन्यात त्यांना मुलगी झाली. नवीन माणूस, रजा मागितली तर काढून टाकतील ही भीती. त्यांनी मागितलीच नाही. तळोज्याला पाळीवाल्यांच्या खोलीत राहायचे, आठवड्याच्या सुट्टीला घरी जायचे. बायको बंदरावर मासळी विकायची. महिन्याच्या मुलीला ती सोबत न्यायची, होडीच्या सावलीत झोळी बांधायची आणि लिलावाला उभी राहायची. मुलगी रांगली, चालली, बोलली, ते सगळं काकांना रविवारी कळायचं.

"अडीच वर्सांची व्हती," काका म्हणाले. "मी दुपारी घरी गेलो, तिला उचलायला हात केले, तर आयशीच्या मागं लपली. म्हनते, आये, ह्यो पाव्हना कदी जानार? बायको हसली. मी पन हसलो. काय करनार?"

त्यानंतर काही महिन्यांनी काका एक दिवस स्वतःच अर्ज घेऊन लॅबच्या दारात आले. काकू जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगी पुण्यात बँकेत नोकरीला. तिला बाळ झालं होतं, तिची रजा संपली होती, नवऱ्याची तर कधीच संपली होती, आणि पाळणाघरात जागा मिळायला एक महिना होता. तिने फोन करून विचारलं होतं, याल का म्हणून.

"कारनात काय लिवू, बाय?"

"नातीला सांभाळायचं आहे, असं लिहा."

त्यांनी थोडा विचार केला आणि कोरून कोरून लिहिलं : मुलीकडे जायचे आहे.

महिनाभर मशीनपाशी दुसरा माणूस होता. कोणाला काही विचारत नव्हता, रांग भराभर सरकायची. काका परत आले त्या दुपारी मी मुद्दाम त्यांच्या बाकावर जाऊन बसले आणि विचारलं, "काय नवीन केलं नातीनं?"

"चांगली हाय. खाते, झोपते," एवढंच म्हणाले. मग आपणहून सांगू लागले.

"एक दिवस पोरगी बँकेतनं आली. नात माज्या उजव्या हातावर झोपलेली. ही येऊन बाजूला बसली, चपला काढता काढता. मी चाय इचारतो, तर जवाब नाय. बघतो तर माज्या डाव्या खांद्यावर डोकं टाकून झोपलेली. जावई आले, म्हनाले उठवू का. मी म्हटलं, नको. दीड तास बसलो तसाच. दोन्ही हात मेले माजे."

ते हसले, आणि हसता हसता थांबले.

"तेहतीस वर्सांची झाली, बाय. तोंड उघडं टाकून झोपते. मला ठावंच नव्हतं."

दुपारपाळीची माणसं दारात येऊन उभी राहिली होती. काकांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. उजव्या हाताने आपला डावा खांदा धरून ते तसेच बसून राहिले.