पसरत गेलेल्या भोकांचं प्रकरण

भावोजींचं स्वतःबद्दलचं मत असं होतं, की या शहरात डोळे असलेली माणसं पुष्कळ आहेत, पण डोळ्यांमागे डोकं असलेला माणूस एकच आहे, आणि विनयामुळे ते त्याचं नाव घेत नसत. दारावरच्या पाटीवर मात्र हा विनय आड आला नव्हता. 'तर्कसम्राट व गूढभेदक. हरवलेलं, चोरलेलं, संशयित असं सर्व काही शोधून मिळेल,' असं तिच्यावर लिहिलं होतं, आणि जागा उरली म्हणून खाली 'बेल वाजत नाही, कडी वाजवावी.' बेल का वाजत नाही, याचा तपास गेली चार वर्षं चालू होता.

त्यांचा मेहुणा शिंपी होता. लग्नानंतर बहिणीने त्याला "यांच्याकडे जरा लक्ष ठेव रे" असं सांगितलं होतं. याचाच अर्थ 'सहायक म्हणून रुजू हो' असा होतो, हे भावोजींनी तर्काने काढलं. तेव्हापासून तो दुकानाला कुलूप लावून तपासाला जाई, वही धरी आणि ज्याच्यावर आळ आला असेल त्याची नंतर समजूत काढी.

एका सोमवारी कडी वाजवली ती दातांच्या डॉक्टरीणबाईंनी. त्या नेमबाजी करत. रायफल निवडण्यातच त्यांचे सहा महिने गेले होते. क्लबातल्या बंदूकमिस्त्रींनी त्यांना बजावलं होतं, की दिसण्यावर भाळू नका. डोळे मिटून खांद्याला लावा, मग डोळे उघडा, आणि जिची दुर्बीण आपसूक डोळ्यासमोर आलेली असेल ती तुमची. नऊ रायफली नापास झाल्या आणि दहावी जमली. जाड नळीची, वजनदार. बोल्ट मागे ओढायचा, एक गोळी घालायची, बोल्ट पुढे सारायचा, एवढंच तिचं तंत्र. मग मिस्त्रींनी ती बाईंच्या मापाची करून दिली. खांद्याला टेकणारा लाकडी दस्ता दोन बोटं कमी केला, ट्रिगर हलका केला आणि शेवटी नळीखालचं लाकूड खरवडून नळी मोकळी सोडली. त्यानंतर पन्नास मीटरवर पाच गोळ्यांचं मिळून एकच भोक पडू लागलं.

हे सुख थोडेच दिवस टिकलं. दर आठवड्याला भोकं एकमेकांपासून लांब जाऊ लागली, आणि आता तर ती न पटणाऱ्या पाच जावांसारखी पाच कोपऱ्यांत तोंडं फिरवून बसत होती. येत्या रविवारी क्लबाच्या संघाची निवड होती. तीन जागा भरल्यातच जमा होत्या. चौथीसाठी बाई आणि एक औषधविक्रेता, असे दोघंच उरले होते. बावन्न वर्षांच्या आयुष्यात आपली अजून कुठल्याच संघात निवड झाली नाही, असं बाई हसत म्हणाल्या खऱ्या, पण ते हसू काही शिंप्याच्या मनातून गेलं नाही.

भावोजींनी आधी औषधविक्रेत्याला धरलं. हा माणूस बाईंचा नेम चुकला की हसतो, असं त्यांच्या लक्षात आलं. दोन दिवस पाळत ठेवल्यावर कळलं, की तो स्वतःचा नेम चुकला तरी हसतो, गल्ल्यावर हसतो, फोनवर भांडतानाही हसतो. त्याची कवळी नवीन होती आणि तिच्यावर ओठ मिटत नव्हते. कवळी बाईंनीच बसवली होती. मग भावोजींनी गोळ्यांवर संशय घेतला आणि त्यातली एक चाटून पाहिली. ती तेलकट लागली, एवढंच वहीत लिहिता आलं.

गुरुवारी मात्र त्यांचा तर्क मिस्त्रींवर जाऊन आदळला. क्लबाच्या कचेरीत, सेक्रेटरी आणि चार सभासदांदेखत त्यांनी जाहीर केलं, की मिस्त्रींनी चांगली नळी काढून घेऊन भंगारातली बसवली आहे. मिस्त्रींनी कमरेचा एप्रन सोडला, घडी घातली आणि टेबलावर ठेवला.

"पस्तीस वर्षं झाली," ते सेक्रेटरींना म्हणाले. "याचा निकाल लागेपर्यंत मी येत नाही."

त्या दिवशी शिंप्याला सुईत दोरा ओवता येईना. गिऱ्हाईक लठ्ठ होत जातं आणि माप चुकल्याचा आळ मात्र शिंप्यावर येतो, हे त्याला नवीन नव्हतं. शुक्रवारी तो मिस्त्रींच्या घरी गेला. मिस्त्रींनी त्याला बसवलं, चहा दिला आणि भावोजींबद्दल एक वाकडा शब्दही काढला नाही, त्यामुळे त्याला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते फक्त नळीबद्दल बोलले. गोळी सुटताना नळी थरथरते. दर वेळी सारखीच थरथरली तर गोळी सारखीच जाते. मध्ये काही टेकलं की तिचं बिनसतं. म्हणून नळी आणि लाकूड यांच्यातून कागद सरसर सरकला पाहिजे.

शनिवारी बाईंच्या नेमबाजीच्या कोटाचं कोपर उसवलं होतं, ते शिवायला तो त्यांच्या घरी गेला. भावोजीही आले आणि खिडकीचे गज हुंगू लागले. शिंप्याने भीत भीत रायफल पाहायला मागितली. बाईंनी ती कुलपातून काढली, बोल्ट बाजूला केला आणि जेवणाच्या टेबलावर आडवी ठेवली. त्याने पिशवीतला कापड बेतायचा कागद फाडून नळीखाली सरकवला. कागद चार बोटं आत गेला आणि अडला.

गोधडीच्या सुईने त्याने हळूच टोकरलं. फेल्टच्या जाड कापडाची एक हिरवी पट्टी बाहेर आली, मग दुसरी, अशा पाच. काठ कसे अगदी सरळ कापलेले.

"डावखुरा इसम," भावोजी म्हणाले, "आणि परदेशात शिकलेला."

"कशाला काढलंत ते?" स्वयंपाकघरातून हात पुसत बाईंच्या सासूबाई बाहेर आल्या. "किती निगुतीने बसवलं होतं मी."

सुनेची रायफल पुसून ठेवायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. पुसताना त्यांना नळीखाली फट दिसली. मिस्त्रींच्या हातून राहून गेली असेल, त्यात धूळ जाईल, आणि सून बिचारी दवाखान्यातून दमून येते, तिला कशाला सांगायचं, म्हणून त्यांनी खुर्च्यांच्या पायांना लावायचं फेल्ट कापून आत सारलं. फट तरी दिसतच होती, म्हणून दर आठवड्याला एक पट्टी वाढवली.

"तू तरी दिवसभर दुसरं काय करतेस?" त्या सुनेला म्हणाल्या. "दातांत फट दिसली की बुजवतेसच ना?"

बाई त्या पाच पट्ट्यांकडे बघत राहिल्या. मग खुर्चीवर बसल्या आणि डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसल्या. शेवटी सासूबाईंचा हात धरून म्हणाल्या, "आई, दाढ भरावी तसं भरलंय हो. पण ही दाढ पोकळच ठेवायची असते."

पट्ट्या खिशात घालून शिंपी थेट मिस्त्रींकडे गेला. मिस्त्रींनी त्या उलटसुलट करून पाहिल्या आणि काम सफाईचं आहे म्हणाले. रविवारी सकाळी ते सगळ्यांच्या आधी क्लबात हजर होते. त्यांनी रायफलीचे दोन स्क्रू तपासले, नळीखालून कागद फिरवला आणि मान हलवली. बाईंच्या पहिल्या पाच गोळ्यांचं भोक एका नाण्याखाली झाकलं गेलं. दुपारी फळ्यावर चौथं नाव त्यांचं लागलं, तेव्हा सासूबाईंनी शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालासुद्धा सांगितलं, की आमच्याकडे फटीत धूळ गेली तरी चालते.

भावोजी निघायच्या बेतात होते. शिंप्याने त्यांचा कोट मागून धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याचा आवाज जरा चढला.

"ज्या लोकांसमोर बोललात, त्यांच्यासमोरच माफी मागायची, भावोजी. नाहीतर उद्यापासून वही तुमची तुम्ही धरा."

भावोजी पुढे झाले. घसा खाकरला. सेक्रेटरी आणि ते चार सभासद गोळा झाले.

"मिस्त्री," ते म्हणाले, "मी चुकलो. माझ्या तर्कात एक बारीक फट राहून गेली."

मिस्त्रींनी गुरुवारपासून घडी घालून ठेवलेला एप्रन उलगडला आणि कमरेला बांधला.

"राहू द्या साहेब," ते म्हणाले. "बुजवू नका. तेवढीच हवा खेळती राहते."

परतताना भावोजी कोपऱ्यावर थांबले आणि मिस्त्रींनी आपल्या बुद्धीचं केलेलं कौतुक तारखेसकट वहीत उतरवून घ्यायला त्यांनी मेहुण्याला सांगितलं. मेहुण्याने ते उतरवून घेतलं.