पिठल्यावरचे खंड

शेळके सर भूगोल शिकवायला नकाशा आणत नाहीत, पिठल्याचं पातेलं आणतात.

तालुक्यातल्या भूगोल शिक्षकांचं प्रशिक्षण असलं, की सर काष्टीहून मोटारसायकलला पातेलं बांधून हजर. सोबत फडक्यात बाजरीच्या भाकरी. पिठलं म्हणजे पृथ्वीच्या पोटातलं प्रावरण आणि त्यावर ठेवलेले भाकरीचे तुकडे म्हणजे खंड. सर पिठलं परातीत ओतायचे आणि आम्ही पोराबाळं असलेले शिक्षक तिच्याभोवती उकिडवे बसून बोटांनी खंड सरकवायचो. पिठलं निवलं की घट्ट होतं, खंड हलेनासे होतात, म्हणून सर मागून ओरडायचे, "आवरा लवकर, प्रावरण गार व्हायला लागलं!"

ज्वारीची भाकरी मात्र वर्ज्य. "ती मऊ पडती. आपल्याला तडा पायजे."

एकदा आमच्या मुख्याध्यापकांना दम निघाला नाही. हिमालय उगवायच्या आधीच त्यांनी आशिया ठेच्याला लावून खाल्ला. सर कळवळले. "सायेब, आता हिंदुस्थान आदळायचा कुनावर?"

मुख्याध्यापक बोटं चाटत म्हणाले, "आफ्रिका शिल्लक आहे का?"

भूगोल कोणाच्या किती डोक्यात शिरला देव जाणे, पण सरांच्या तासाला गैरहजर कोणी राहत नसे.

यंदा वरून प्लॅस्टिकचे संच आले. त्यातले खंड चुंबकाचे, पटकन चिकटणारे. सरांचा तास रद्द झाला. प्रशिक्षण दुपारीच आटोपलं, सगळे गाड्या काढू लागले, आणि फाटकातून सर आत आले. पातेल्यासकट!

मी वैतागलोच. "अहो सर, तास रद्द झालाय. निरोप नाही का मिळाला?"

"मिळाला की."

"मग एवढं कशाला केलंत?"

सरांनी पातेलं व्हरांड्यात टेकवलं. "आमची मंडळी देवाघरी गेल्यापासून घरी एकट्याला घास उतरत न्हाई ओ. हितं तुमी भांडता, ह्यो तुकडा माझा म्हनता... त्या दिवशी मी लई जेवतो." मग हळूच म्हणाले, "आज शिकवत न्हाई. नुस्तं जेवाल का?"

इतकी वर्षं आम्ही समजत होतो, हा माणूस शिकवण्यासाठी रांधतो.

मी पळत जाऊन फाटकाला कडी घातली आणि ओरडलो, "गाड्या बंद करा! जेवल्याशिवाय कोणी हलायचं नाही!"

पंगत बसली. सर सवयीनं वाढायला वाकले, तर मी त्यांच्या हातातला डाव काढून घेतला आणि पहिलं ताट त्यांचं वाढलं.