दुधी काच

बारीकरावांना बायकोचे आभार मानायचे होते, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

(हे नाव मित्रांनी लग्नाच्या वेळी ठेवलेलं. तेव्हा ते काडीसारखे होते. पुढे काडी राहिली नाही, नाव मात्र राहिलं.)

झालं असं की त्यांच्या पाठीत उसण भरली आणि ते तीन महिने पलंगाला खिळले. बायकोने एकटीने घर रेटलं. नोकरी, बाजार, यांची शेक-मालिश, आणि या सगळ्यावर कडी म्हणजे नळाचं पाणी! त्या वस्तीचं पाणी इतकं जड की साबण घासून घासून संपायचा, पण फेस दर्शन देत नसे. वाळलेला टॉवेल दोरीवरून काढला तर कोपऱ्यात आपला आपण उभा राही. नळ, शॉवर, बादली, सगळ्यांवर क्षारांची पांढरी खरखरीत पुटं. बायको रोज घासायची आणि पाणी रोज तिच्या मेहनतीवर पाणी फिरवायचं.

"एकदा तरी हे बाथरूम चकचकीत झालेलं बघायचंय मला," ती एकदा दमून म्हणाली. पडल्या पडल्या बारीकरावांनी ते ऐकलं आणि त्यांना फार वाईट वाटलं.

तोंडाने आभार मानणं त्यांना जमत नसे. ते विमा कचेरीत कारकून. भावना व्यक्त करण्याची त्यांची धाव 'आपला विश्वासू'पर्यंतच. तेव्हा पाठ बरी झाल्यावर, बायको दोन दिवस बहिणीकडे गेल्याचं बघून, त्यांनी ठरवलं की ती परत यायच्या आत बाथरूम आरशासारखं करायचं.

वाण्याकडून त्यांनी पिशवीभर लिंबाचं सत आणलं. ("लोणच्याला?" वाण्याने विचारलं. "बायकोला," हे म्हणाले. वाण्याने घाईघाईने पिशवी बांधून दिली.) गरम पाण्यात ते कालवून, जुना टूथब्रश घेऊन बारीकराव कामाला लागले. नळ उजळला. शॉवरची बुजलेली भोकं मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी राहिली फक्त शॉवरशेजारची खिडकी. खालपासून छातीच्याही वर जाणारी, दुधी काचेची. घर घेतलं तेव्हापासून ती दुधी होती. बायको पाहुण्यांना सांगायची, "काच चांगली आहे हो, पडद्याची कटकटच नाही."

खिडकीच्या समोरच, बोळापलीकडे, शिवणकामाचा छोटा कारखाना होता. टेलरताई आणि तिच्या तीन कारागीर बायका रात्री जेवणाच्या वेळेपर्यंत मशीन चालवायच्या. मशिनांची घरघर ऐकत बारीकरावांनी काच घासली. चष्म्यावर शिंतोडे उडत होते म्हणून तो काढून ठेवला होता. बाहेर अंधार पडलेला, आत दिवा लखलखीत. काच अशी काही चमकू लागली की त्यात ते स्वतः दिसायला लागले. चार पिवळे ठिपकेही दिसत होते, पण ते आपल्याच दिव्याचं प्रतिबिंब असणार असं त्यांनी ठरवून टाकलं.

दुधी काच इतकी सुंदर असते हे त्यांना माहीतच नव्हतं.

मग त्यांनी आंघोळ केली. काय ती आंघोळ! शॉवर धो धो वाहत होता. बारीकराव खुशीत आले, गायला लागले. काचेतल्या स्वतःकडे बघत त्यांनी ताना घेतल्या, हातवारे केले. एक बाजू बघितली, दुसरी बघितली. पोट आत ओढून उभे राहिले, तर अगदी लग्नातले दिसले. श्वास सोडला, तर आजचे. पुन्हा ओढला. समोरची मशिनं एकाएकी थांबली होती. चला, आज जरा शांतता आहे, त्यांना वाटलं.

तेवढ्यात खालच्या रस्त्यावरून बायकोची हाक आली, "अहो! लाईट बंद करा!"

काटकसर बघा, बारीकरावांच्या मनात आलं. अजून जिनाही चढली नाही आणि विजेच्या बिलाची काळजी!

"अगं, वर तर ये!" ते ओरडले. "तुझ्यासाठी गंमत आहे!"

"गंमत दिसतेय सगळ्यांना! लाईट बंद करा आधी!"

त्यांनी मुकाट्याने बटण दाबलं. अंधार झाला, आणि ते चार पिवळे ठिपके जागच्या जागी राहिले. बारीकरावांनी चाचपडत चष्मा चढवला. समोर चार मशिनं, चार दिवे, चार बायका. टेलरताईच्या हातातली कात्री उघडी ती उघडीच. बारीकराव खाली बसले. खाली बादली होती.

बायको वर आली तेव्हा ते तिथेच, टॉवेल पांघरून.

"ती दुधी काच नव्हती," ते पुटपुटले. "साधी होती. मीठ होतं सगळं. इतकी वर्षं त्या पाण्यानेच आपली अब्रू झाकली, आणि आपण त्यालाच शिव्या देत होतो."

बायको हसत सुटली. हसता हसता तिचं लक्ष नळाकडे गेलं. ती पुढे झाली, त्यावरून बोट फिरवलं आणि वाकून त्यात आपला चेहरा बघितला.

"पाठ दुखली असेल ना?" तिने शेवटी विचारलं.

"नाही," बारीकराव म्हणाले. मग एकदम, "तू होतीस म्हणून मी उठलो गं." आणि आपण हे बोललो याचंच त्यांना नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. बारीकराव सकाळपासून मगाने काचेवर पाणी मारत बसले होते, पुन्हा थर चढावा म्हणून. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना ते पाणी जरा आणखी जड असावंसं वाटत होतं. काच मात्र लख्ख. दुपारी दारावर टकटक झाली. टेलरताई उभी होती, हातात दोन पुडकी.

"हा पडदा," ती म्हणाली. "पैसे नकोत. गणवेशांची ऑर्डर अंगावर आहे आणि काल माझ्या एका बाईने शर्टाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या."

बारीकरावांनी मान खाली घालून आभार मानले. "आणि हे दुसरं?"

"अहो, तुमच्या वाढदिवसाची पँट," आतून बायको लाजत म्हणाली. "पाठीच्या दुखण्यातून उठलात, म्हणून यंदा शिवायला टाकली होती. गुपचूप. मापाला तुमची लग्नातली पँट दिली होती."

बारीकरावांनी पुडकं छातीशी धरलं. पँटबद्दल मात्र त्यांना फारशी आशा नव्हती. आत जाऊन त्यांनी ती चढवली आणि थक्क झाले. बटण लागलं. वाकता आलं, बसता आलं, श्वासही घेता आला. कुठल्याच शिंप्याने आजवर त्यांना इतकं सुख दिलं नव्हतं.

"ताई, कमाल आहे!" ते बाहेर येऊन म्हणाले. "लग्नातल्या मापावरून हे कसं जमवलंत?"

"ते माप काल रात्री बाद केलं," टेलरताई शांतपणे म्हणाली. "पोट आत घेतलेलं आणि सोडलेलं, दोन्ही दाखवलंत तुम्ही. आम्ही चौघींनी विचार करून सोडलेलं धरलं."