बादलीतलं सरपण

तेल कंपनीत नोकरी करणाऱ्याने साहेबांपुढे तेलाचं भवितव्य काढू नये, एवढी अक्कल कुवेतमधल्या अर्दिया भागात राहणाऱ्या चंद्रहासला असायला हवी होती. पण जेवणाच्या सुट्टीत तो बोलून गेला, की गच्चीवर पिंपांत वाळुंजाचं झाड लावलंय, एसीच्या पाण्यावर डोक्याइतकं उंच वाढलंय, तोडलं की पुन्हा फुटतं. असलं सरपण जन्मात संपत नाही. तेल काय, आज आहे उद्या नाही. अशरफसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि महिनाअखेरच्या शुक्रवारी ऑफिसच्या सहलीत वाळवंटातल्या तंबूत शेकोटी चंद्रहासच्या सरपणाचीच, असं जाहीर केलं.

 चंद्रहासचं कॉन्ट्रॅक्ट मुदतवाढीच्या सहीसाठी त्यांच्याच टेबलावर पडून होतं.

त्याने लगेच फांद्या तोडल्या आणि सुकून वजन घटू नये म्हणून (इंजिनिअर ना) बाल्कनीत पाण्याच्या बादलीत उभ्या केल्या. मग रोज थंडी वाढतेय की साहेबांचा राग, याच काळजीत तो झोपेनासा झाला.

गुरुवारी ऑफिसमधून आला, तर बादली जवळजवळ रिकामी. दुपारी बायकोचं, सरोजिनीचं, संक्रांतीचं हळदीकुंकू झालं होतं.

"काड्या कुठायत?"

"वाण म्हणून दिल्या. दरवर्षी काय प्लॅस्टिकचे डबेच लुटायचे? पालवी फुटली होती, मुळंही आली होती. बायका खूश झाल्या."

"अगं, सरपण होतं ते."

"सरपण कोणी पाण्यात ठेवतं का?"

 घरोघरी जाऊन परत आणू का, असं तो पुटपुटला, पण दिलेलं वाण मागायला आलेला नवरा म्हणून कुवेतभर नाव झालं असतं. उरलेल्या चार काड्या त्याने पिशवीत घातल्या.

शुक्रवारी तंबूत त्या ओल्या काड्यांनी पेट घेतला नाही, धूर मात्र मनापासून केला. सगळे खोकत बाहेर आले आणि वाऱ्यात कुडकुडत उभे राहिले. चंद्रहासला आपलं सामान विमानतळावर दिसू लागलं. अशरफसाहेबांनी डोळे पुसले, गाडीतून केरोसिनचा हीटर काढला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"जब तक दूसरा ईंधन आप बना रहे हो, तब तक तेल को कोई खतरा नहीं. कल साइन करता हूँ."

सही झाली. सरोजिनीने शेजारी पेढे वाटले आणि साहेबांनी काय बघून मुदत वाढवली, असं विचारलं.

"काम बघून," चंद्रहास म्हणाला.