एक पाय कबरीत

आपल्याला न कळणारं इंग्रजी अजून जन्माला यायचंय, असं लालासाहेब हवालदार स्वतःच गावभर सांगायचा. पलटणीत अठरा वर्षं काढलेली, तीही पार इटलीपर्यंत. म्हणून बाहत्तरच्या जानेवारीत कृष्णातच्या कॅप्टनचं इंग्रजी पत्र आलं, तेव्हा शालूबाई ते घेऊन तडक भावाच्या दारात आली. तिचा कृष्णात लढाईत जखमी होऊन इस्पितळात पडला होता. वैशाखात त्याचं लालासाहेबाच्या अंजनाशी, म्हणजे मामाच्याच पोरीशी, लग्न ठरलेलं होतं.

लालासाहेबानं चष्मा चढवला. "वन फूट इन द ग्रेव्ह."

फूट त्यानं अठरा वर्षं परेडीत आपटला होता. ग्रेव्ह तर इटलीत रांगेनं पाहिल्या होत्या. अर्थाबद्दल कुठं शंका नव्हती.

"शाले, कृष्णाचा एक पाय कबरीत पुरला त्येंनी."

शालूबाई म्हणाली, "माजा हितं एक पाय मसणात, आन द्येवानं पोराचा न्हेला. पर दादा, आपल्यात जाळत्यात की."

"एका पायासाठी मिल्ट्री कुठं लाकडं जाळती?" त्यानं पुढं वाचलं. "हेड ओव्हर हील्स. डोस्कं टाचांवर टेकलंय. कंबरबी मोडली म्हनायची."

दाराआडून अंजना म्हणाली, "आबा, एक पाय पुरला, तर टाचा कशा?"

"मोठ्यांच्या मधी बोलू नगंस."

लालासाहेबाला भाच्याचं फार वाईट वाटलं. वाईट वाटत असतानाच त्यानं तासगावचं स्थळ पक्कं केलं. अंजना तीन दिवस जेवली नाही. चौथ्या दिवशी तिला हळद लागली.

शिमग्याला ती माहेरी आली होती, त्याच दिवशी कृष्णात एसटीतून उतरला आणि मामाच्या अंगणात येऊन उभा राहिला. हात गळ्यात बांधलेला. लालासाहेबानं त्याचे पाय दोनदा मोजले.

"दुसरा नवा बसिवला का रं?"

"कंचा दुसरा, मामा? गोळी खांद्याखाली छातीत हुती. मरता मरता वाचलो, त्येच सायबांनी लिवलंय. एक पाय मसणात हुता, असं आपुनबी म्हंतो की."

लालासाहेब चष्मा पुसत बसला. तो पुसून होईना.

"आन टाचांचं काय हुतं?" अंजना दारातून म्हणाली.

हेड ओव्हर हील्स म्हणजे पोरीपायी पार येडा झालाय, हा अर्थ कॅप्टननं कृष्णातला हसत हसत सांगितला होता. त्यानं अंजनाच्या गळ्यातलं नवं मंगळसूत्र पाहिलं.

"त्येवढं मामांनी बरुबर वाचलं," तो म्हणाला. "कंबर मोडली."

लालासाहेबानं मान वर केली. "बग. म्या म्हनलं नव्हतं?"