रेवडीची साखर

"अहो, घोडी च्या पिती का हो?"

गोपिकाबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं, तेव्हा राजानंद सर आरशासमोर उभे राहून गळ्यातला रुमाल तिसऱ्यांदा नीट करत होते. दुपारी तीन वाजता कुंभार पिंपळगावच्या माळावर अडथळ्यांची घोडेशर्यत होती. लोक तिला उड्यांची शर्यत म्हणत. जिल्ह्यात एवढी मोठी शर्यत याआधी झालेली नव्हती, आणि तिचं निवेदन सरांकडं होतं. पहाटेपासून त्यांचा पाय घरात ठरत नव्हता.

"पीत असेल. घोड्यांना गूळ देतात, अंडी देतात, दूध देतात. चहा का नाही देणार?"

"आन साखर दोनशे वीस?" गोपिकाबाई हातात पत्रक घेऊन बाहेर आल्या. "दोनशे वीस काय? पोती?"

सरांनी पत्रक हिसकावून घेतलं. ते त्यांचंच होतं. समितीचे अध्यक्ष तातेराव यांनी पाचशे प्रती छापून कालच गावोगाव वाटल्या होत्या आणि मोबाइलवरच्या सगळ्या ग्रुपवर टाकल्या होत्या. वर ठळक अक्षरात होतं, 'अश्वतज्ज्ञ राजानंद सर यांनी प्रत्यक्ष पाहणी करून सादर केलेला सहा स्पर्धक घोड्यांचा आढावा'.

यातला अश्वतज्ज्ञ हा शब्द तातेरावांचा होता. प्रत्यक्ष पाहणी हे शब्द मात्र सरांचे स्वतःचे होते, आणि ते साफ खोटे होते. सरांनी बत्तीस वर्षं मराठी शिकवलं होतं. घोड्याच्या जवळ ते आयुष्यात एकदाच गेले होते, पुतण्याच्या वरातीत. तेव्हा घोडा त्यांच्या मानेवर शिंकला होता. तेव्हापासून त्यांनी घोडा लांबून पाहायचं ठरवलं, आणि जमल्यास तेही नाही. म्हणून हा आढावा त्यांनी फोनवरून लिहिला. सहा मालकांना सहा फोन. हसनाबादच्या संपतनं आपल्या बादशहाचं कौतुक पाऊण तास सांगितलं. हरिओमचा सुलतान वरातीत चालणारा होता, त्याचा सरांनी 'पन्नासहून अधिक लग्नांचा अनुभव' असा गौरव केला. पाच घोडे उरकल्यावर त्यांनी अंतरवाली सराटीच्या इंद्रभानला फोन लावला. तिकडं तूर काढायचं यंत्र धडधडत होतं.

"काय इंद्रभानराव, तब्येत कशी काय आहे?" सरांनी विचारलं होतं. त्यांना म्हणायचं होतं घोडीची.

इंद्रभान यंत्रापासून जरा लांब गेला. मग म्हणाला, "सर, तुम्ही इचारलं म्हणून सांगतो. घरात कोणी इचारीत न्हाई." आणि तो बोलत राहिला. सर लिहीत राहिले. आता ते सगळं पाचशे कागदांवर होतं :

'रेवडी. मालक इंद्रभान, स्वार कु. शिवकन्या. स्वभावाने सोशिक. उजवा गुडघा तीन वर्षांपासून दुखतो, पायऱ्या चढताना विशेष. रात्री दोन-तीनदा उठावे लागते. साखर दोनशे वीस. मात्र सकाळचा चहा अद्याप सुटलेला नाही. घरच्यांचे दुर्लक्ष.'

सरांनी ते पुन्हा वाचलं. पायऱ्यांपाशी त्यांची नजर अडखळली. लिहिताना त्यांना वाटलं होतं, सरावासाठी पायऱ्या केल्या असतील. चहापाशी ती परत अडखळली. आणि रात्री दोन-तीनदा उठावे लागते, इथं आल्यावर त्यांना एकदम घाम फुटला. घोडे झोपतात तरी उभ्यानं. मग उठतात कुठून?

"गोपिका," ते खुर्चीवर बसत म्हणाले, "हे घोडीचं नाही."

"मंग कोणाचं?"

उत्तर द्यायच्या आत दारात मोटारसायकल थांबली. इंद्रभानची मुलगी शिवकन्या होती. पोलीस भरतीची तयारी करणारी, उंचीपुरी, आणि आत्ता कमालीची चिडलेली.

"सर, हे काय लिहून ठेवलं तुम्ही? आमची रेवडी पळायलीच न्हाई आता! तातेराव म्हणले, आजारी जनावर मैदानात सोडता येत न्हाई. डॉक्टर मॅडमला बोलावलंय. मी सहा महिने झाले पहाटं उठून तिला उड्या शिकवून राह्यले, अन् तुम्ही एका कागदात तिला म्हातारी केली!"

"तुझे बाबा काय म्हणाले?"

"तेच कळून न्हाई राह्यलं. म्या त्यांना वाचून दाखवलं, तर ते माळावर घोडी आणलेल्या टेम्पोच्या मागं जाऊन बसले."

सर जेवले नाहीत. शिवकन्येच्या मागे बसून माळावर गेले.

माळावर तुरीच्या काड्यांचे हातभर उंच बांध रचले होते, भुसा भरलेल्या पोत्यांची भिंत होती आणि टँकरच्या पाण्यानं भरलेला एक लांब चर. माणसं अकरापासूनच येऊन बसली होती. प्रवेशाशी सरांचा हसरा फोटो असलेला भलामोठा फलक लावला होता. सरांनी मान खाली घालून फलकाखालून प्रवेश केला.

इंद्रभान खरोखरच टेम्पोच्या मागं बसला होता. पांढरं मुंडासं, उजवा पाय लांब केलेला. सरांना पाहून त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "सर, म्या माझं सांगितल्तं."

"कळलं हो मला आता! चला, तातेरावांना सांगू. दोन मिनिटांत मिटेल."

इंद्रभाननं सरांचा सदरा धरला. "बिलकुल न्हाई! साखरंचं घरी कोणालाच ठावं न्हाई. आमची घरवाली दुर्गा तिथं पुढं बाया घेऊन बसलीय. तिला कळलं तर माझा च्या बंद. गूळ बंद. शिऱ्याचं तर नाव बी निघायचं न्हाई."

"अहो, पण घोडी बाद होईल ना!"

"घोडी पळली पाहिजे. पोरीनं लई जीव लावलाय." इंद्रभाननं डोळे पुसले. "अन् च्या बी चालू राह्यला पाहिजे. तुम्ही शिकलेले माणसं. काढा काही मार्ग."

सरांपुढं दोनच वाटा होत्या. एक, आपण घोडी पाहिलीच नाही हे कबूल करणं. ते बत्तीस वर्षांच्या अब्रूला परवडणारं नव्हतं. दुसरी, थोडं आणखी खोटं बोलणं. मंडपात तातेराव मोबाइल कानाला लावून येरझाऱ्या घालत होते. सर त्यांच्यापुढं उभे राहिले आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "तातेराव, रेवडी बरी झाली."

"कव्हा?"

"सकाळी. मी आत्ताच पाहून आलो."

"तीन वर्षांचा गुडघा सकाळी बरा झाला?" तातेरावांनी मोबाइल खाली घेतला. "काय दिलं तिला?"

"ओव्याचा शेक," सर म्हणाले. घरात तेवढंच औषध त्यांना माहीत होतं.

शेजारीच हसनाबादचा संपत बादशहाच्या पाठीवरून हात फिरवत उभा होता. त्याचे कान टवकारले. "शेकानं कुठं गुडघा बरा होतो? इंजेक्शन मारलं असंल! अध्यक्ष, हे चालणार न्हाई. माझा घोडा साध्या हरभऱ्यावर पळतो. घोडीची तपासणी झाल्याबिगर मी पळवणार न्हाई."

"मी बी न्हाई," हरिओम म्हणाला. मग त्यानं हळूच सरांना विचारलं, "ओवा किती टाकायचा सर? आमच्या सुलतानचा बी मागचा पाय जरा धरतो."

दहा मिनिटांत सगळ्या माळावर पोचलं की अंतरवालीच्या घोडीला काहीतरी टोचलंय आणि ते सरांनी स्वतः पाहिलंय. कुणी म्हणालं, सरांनीच टोचलंय. सर मंडपाच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत जात होते आणि परत येत होते. तिकडं शिवकन्या रेवडीच्या मानेवर डोकं टेकवून उभी होती. ती रडत नव्हती, पण सरांनी तिच्याकडं बघायचं टाळलं.

दोनला जनावरांच्या डॉक्टर अर्पिता मॅडम आल्या. तातेरावांनी तपासणी सगळ्यांसमोर व्हावी, म्हणजे कुणाला शंका नको, म्हणून रेवडीला थेट मंडपापुढं आणलं आणि शेजारी निवेदनाचा माइक ठेवला. बदामी रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका असलेली ती घोडी माणसांच्या समुद्राकडं शांतपणे बघत होती. मॅडमनी चारी पाय उचलून पाहिले, गुडघे दाबले, डोळे पाहिले, दात पाहिले, छातीला नळी लावली.

"पाच वर्षांची आहे. एकदम ठणठणीत," त्या माइकमध्ये म्हणाल्या. "इंजेक्शनची कुठं खूण नाही. गुडघा दुखतो हे कुणी सांगितलं?"

"सरांनी," तातेराव म्हणाले. "ते तज्ज्ञ हायेत."

"साखर कुणी तपासली?"

"सरांनीच."

"आणि रात्री दोन-तीनदा उठते?" मॅडमच्या कपाळावर आठी आली. "हे कुणी पाहिलं?"

"अहो, पण सर आमच्या गोठ्यात कव्हा आल्ते?" शिवकन्या पुढं आली. "आमच्याकडं रात्रीचं कोणीच आल्तं न्हाई!"

बायकांच्या बाजूनं हशा उसळला. मॅडमनी सरांना हात केला. "सर, जरा दाखवा बरं, कोणता गुडघा?"

सर पुढं झाले. चार पावलं, मग अर्धं पाऊल. रेवडीनं मान वळवली, सरांच्या रुमालाचा वास घेतला आणि आपलं भलंमोठं तोंड त्यांच्या खांद्यावर अलगद ठेवलं. गरम श्वास मानेवर आला. सर दचकून मागं कोलमडले. आधारासाठी त्यांनी जे हाताला लागलं ते धरलं, आणि हाताला माइक लागला.

"मी हिला आज पहिल्यांदाच पाहतोय!" सगळ्या माळावर सरांचा आवाज घुमला. "मी एकही घोडा पाहिलेला नाही. मला घोड्याची भीती वाटते. मी फोनवरून लिहिलं. गुडघा हिचा नाही, साखर हिची नाही. एका माणसाची आहे. मी ऐकण्यात चूक केली. हिला पळू द्या."

बोलल्यावर सरांना वाटलं, आता जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल. पण जमीन होती तिथंच राहिली. उलट पहाटेपासून छातीत जे फडफडत होतं ते थांबलं.

"कोणाची?" संपतनं विचारलं. "साखर कोणाची हाय?"

"ते मी सांगणार नाही," सर ठामपणे म्हणाले. "त्या माणसानं विश्वासानं सांगितलंय."

तातेरावांनाही ते पटलं. विषय तिथं संपायचा, पण पुढच्या रांगेत बसलेल्या दुर्गाबाईंनी शेजारणीकडून पत्रक मागून घेतलं होतं आणि चष्मा लावून त्या ते अक्षर अक्षर लावून वाचत होत्या.

"उजवा गुडघा," त्या मोठ्यानं म्हणाल्या. थांबल्या. "रात्री दोन-तीनदा." पुन्हा थांबल्या. "सकाळचा च्या." मग त्यांनी चष्मा काढला, पदर खोचला आणि उभ्या राहिल्या. "कुठं गेले ते? इकडं या म्हणावं! दोनशे वीस साखर अन् काल माझ्या हातचा शिरा दोनदा घेतला? अन् घरच्यांचं दुर्लक्ष? दुर्लक्ष?"

टेम्पोमागं एक पांढरं मुंडासं झटकन खाली झालं.

शर्यत तीन वाजता सुरू झाली. सरांनी निवेदन केलं आणि ते त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं निवेदन झालं, कारण आता त्यांना काही माहीत असल्याचं सोंग घ्यायचं नव्हतं. जे दिसलं ते ते सांगत गेले. "बादशहा पुढं! पहिला बांध गेला! पाठोपाठ एक बदामी घोडी, हो, रेवडीच!" पोत्यांच्या भिंतीपाशी दोन घोडे अडले. सुलतान जोरात येत होता, पण तेवढ्यात मंडपातल्या बँडवाल्यांना राहवलं नाही आणि त्यांनी सुरुवात केली. सुलतान जागच्या जागी थांबला, मान वाकडी केली आणि पायांनी ठेका धरला. कडेला उभा असलेला हरिओम डोक्याला हात लावून खाली बसला. पाण्याच्या चराशी बादशहा बिचकला. शिवकन्येनं रेवडीच्या मानेशी वाकून काहीतरी सांगितलं, घोडी हवेत गेली, पलीकडं उतरली आणि तशीच सुसाट निघाली. ती पहिली आली तेव्हा अख्खा माळ उभा राहून ओरडत होता. एकट्या इंद्रभानची पाठ मैदानाकडं होती. दुर्गाबाईंनी त्याला टेम्पोच्या फळीला टेकवून उभं केलं होतं आणि त्या गेल्या वर्षभरात त्यानं कुठं कुठं काय काय गोड खाल्लं ते एकेक करून कबूल करून घेत होत्या.

सरांनी संध्याकाळी घरी येऊन फोन बंद केला आणि तीन दिवस उघडला नाही. इंद्रभानशी बोलायचं धैर्य त्यांना होईना. चौथ्या दिवशी दुपारी त्यांनी फोन चालू केला, आणि तो लगेच वाजला.

"सर, इंद्रभान बोलून राह्यलो."

"इंद्रभानराव," सर उभेच राहिले. "मला माफ करा. माझ्यामुळं तुमचा चहा गेला."

"गेला, बराबर हाय. बिनसाखरंचा देती. औषधाच्या काढ्यावानी लागतो." इंद्रभान खोकला. "पर सर, काल तिनं मला जालन्याला नेलं. गुडघ्याचा फोटो काढला. आता सकाळ-सांज तेल चोळून देती. पोरगी मला पाण्याची बादली उचलू देत न्हाई. अख्ख्या तालुक्यातून फोन येऊन राह्यले, गुडघा कसा हाय म्हणून. तीन वर्षं म्या बोंबलत होतो, कोणी ऐकलं न्हाई. घोडीच्या नावानं छापून आलं तव्हा ऐकलं."

सर हळूच खुर्चीवर टेकले. "मग तुम्ही रागावलेले नाहीत?"

"राग कशाचा? मी तर दुसऱ्याच कामासाठी फोन केला." इंद्रभाननं आवाज खाली घेतला. मागं कुठंतरी भांडी वाजत होती. "पुढच्या साली बी शर्यत ठेवायचं चाललंय म्हणं. रेवडी हाय त्यात. तव्हा लिहिताना जरा कंबरंचं बी टाका ना."

सरांनी टेबलावरची वही ओढली, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "वाकताना दुखते, की उठताना?"